शंका असल्यास होकार

"या तुझ्या कर्नलची पलटण कोणती रे?" असे अण्णांनी विचारले तेव्हा पंक्तीतील सारी मंडळी हसली, आणि मीही हसलो. गेल्या ज्येष्ठातली ही गोष्ट. रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी धाकट्या भावाला मोठ्या ऐटीने सांगत होतो, की घरच्या संगणकाचे कर्नेल मी आता स्वतःच्या हाताने बांधणार आहे. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्या शब्दाचा मुद्दामच लष्करी अर्थ घेतला. ब्याऐंशीव्या वर्षीही त्यांची ही खोड गेलेली नाही. "पलटण नव्हे, अण्णा," मी म्हणालो, "कर्नेल म्हणजे गाभा. बी म्हणा हवे तर." "अस्से! मग पेरलेस की कळव," असे म्हणून त्यांनी ताक मागितले.

त्या बीजाला पुढे जे फळ आले त्याची हकीकत सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. परंतु एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांना तीत आपल्या घरातले काही ओळखीचे सापडेल अशी मला आशा वाटते. म्हणून ती लिहीत आहे.

प्रथम या कर्नेलची ओळख करून दिली पाहिजे. आपण संगणकाच्या पडद्यावर जे प्रोग्रॅम पाहतो ते सारे घरातल्या मंडळींसारखे असतात. प्रत्येकाला जागा हवी असते, वेळ हवा असतो, आणि दुसऱ्यालाही तो हवा आहे याची कोणालाच फिकीर नसते. या साऱ्यांच्या आणि खालच्या यंत्राच्या मध्ये बसून कोणाला काय व किती द्यावयाचे याचा निवाडा करणारा जो कारभारी, तेच कर्नेल. लिनक्स या नावाचे कर्नेल सर्वांना खुले आहे. ज्याला हौस असेल त्याने त्याचा मूळ मजकूर घ्यावा, एका लांबलचक प्रश्नावलीची उत्तरे द्यावीत, आणि आपल्या यंत्राच्या मापाचे कर्नेल बांधून घ्यावे. बहुतेक लोक या भानगडीत पडत नाहीत. तयार मिळते त्यावर त्यांचे उत्तम चालते. मी पडलो. त्यात गरज थोडी होती आणि हौस अधिक होती, हे आता कबूल करावयास हरकत नाही.

गरज होती ती अण्णांच्या लिखाणाची. दोन वर्षांपासून आपल्या लहानपणच्या आठवणी लिहून ठेवाव्यात असे त्यांच्या मनात होते. त्यांचा हात कापतो, त्यामुळे लेखणी धरवत नाही. "तू एखाद्या रविवारी जवळ बस. मी सांगत जाईन, तू लिहून घे," असे ते मला चारपाच वेळा म्हणाले, आणि प्रत्येक वेळी मी "हो, अण्णा" असे उत्तर दिले. रविवार येत आणि जात. शेवटी मी त्यांना दिवाणखान्यातल्या जुन्या संगणकावर मराठी कळा दाबावयास शिकविले. त्यांनी ती विद्या महिन्याभरात हस्तगत केली. रोज दुपारी दोन ते चार ते त्या यंत्रापुढे बसत. पुतण्याने जुनी पत्रे व छायाचित्रे यंत्रात उतरवून त्यांच्या मजकुरात जागोजाग बसवून दिली होती. त्यामुळे ती वही दिवसेंदिवस जड होत चालली, आणि यंत्र मंद होत चालले.

त्या यंत्रात स्मृती होती अवघी दोन गिगाबाइट. ही स्मृती कर्नेल सलग वापरीत नाही. ४,०९६ बाइटांचे एक अशी तिची पाने पाडतो. त्या हिशेबाने आमच्या यंत्रात ५,२४,२८८ पाने झाली. 'पान' हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. परिभाषेत त्याला 'पेज' म्हणतात, परंतु पोथीच्या पानापेक्षा पंगतीचे पान येथे अधिक जुळते. आपल्याकडे मुंजीला पाचशे लोकांना बोलावणे करतात, आणि स्वयंपाक चारशेंचा धरतात. यात यजमानाची लबाडी नसते, अनुभव असतो. सारे येत नाहीत, आणि येतात ते एकाच पंक्तीला बसत नाहीत. कर्नेलही हेच करतो. एखादा प्रोग्रॅम म्हणाला, "मला इतकी पाने हवीत," की तो निःशंकपणे "हो" म्हणतो. पण पान मांडलेले नसते. पाहुणा प्रत्यक्ष पाटावर येऊन बसला, म्हणजे त्या जागी काही लिहू लागला, की मगच एक पान पुढे येते. प्रोग्रॅमही आमंत्रणे उदंड घेतात आणि जेवतात थोडे. त्यामुळे हा व्यवहार सहसा बिनबोभाट पार पडतो. संगणकाच्या जगात या जास्तीच्या होकाराला 'ओव्हरकमिट' असे नाव आहे.

पाने कमी पडू लागली तर? त्याची सोय 'स्वॅप' ही. ती आपल्या घरच्या माळ्यासारखी आहे. रोज लागत नाहीत ती पातेली, पराती माळ्यावर टाकावयाच्या आणि ओट्याजवळची जागा मोकळी करावयाची. स्मृतीतली जी पाने बराच वेळ कोणी हाताळली नाहीत, ती कर्नेल तबकडीवर ठेवून देतो, आणि पुन्हा लागली की खाली काढतो. ही कल्पना फार जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली 'अ‍ॅटलस' नावाचा संगणक सुरू झाला, त्यातच प्रथम अशी पाने पाडून ती फिरत्या चुंबकी पिंपावर हलविण्याची योजना होती. मात्र माळ्याचाही अतिरेक होतो. पंगत वाढतच गेली तर घरातली माणसे सारखी शिडीवर चढत-उतरत राहतात. हे वर टाक, ते खाली काढ, यातच दिवस जातो आणि भात काही शिजत नाही. या अवस्थेची मीमांसा पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रत्येक प्रोग्रॅमला त्या त्या वेळी हाताशी लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. त्या साऱ्या संचांची बेरीज जागेच्या बाहेर गेली की घसरगुंडी सुरू होते, आणि ती हळूहळू होत नाही, एकाएकी होते.

आमच्या दिवाणखान्यात नेमके हेच चालले होते. अण्णांनी एक शब्द उमटवावा आणि पडद्यावर तो दिसेपर्यंत तबकडीची खरखर ऐकत बसावे. मला त्या खरखरीचा राग आला. माळा आहे म्हणूनच ही चढउतार आहे, तेव्हा माळाच काढून टाकला म्हणजे झाले, असा मी तर्क केला.

प्रश्नावलीत 'मेमरी मॅनेजमेंट ऑप्शन्स' या नावाचे एक प्रकरण आहे. एकेका प्रश्नापुढे 'होय' किंवा 'नाही' अशी खूण करावयाची. बहुतेक प्रश्नांखाली थोडे स्पष्टीकरण असते, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या शेवटी नवख्यासाठी एक सल्ला असतो: शंका असल्यास होय म्हणा, किंवा, शंका असल्यास नाही म्हणा. कोणी वडीलधारा खांद्यावरून डोकावून सांगत आहे असे ते वाचताना वाटते. स्वॅपच्या प्रश्नाखाली 'होय म्हणा' असा सल्ला होता. मला शंका नव्हती. मी 'नाही' अशी खूण केली.

या प्रश्नामागे एक गोड कथा आहे, ती मला तेव्हा माहीत असूनही आठवली नाही. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स हा १९९१ साली हेलसिंकी येथील एक विद्यार्थी होता. त्या वर्षाच्या ऑगस्टात त्याने आपल्या या उद्योगाची जगाला पहिली वार्ता दिली. पुढे जर्मनीतील कोणा गृहस्थाने त्याला कळविले, की माझ्या यंत्रात दोनच मेगाबाइट स्मृती आहे, तेवढ्यात हे कर्नेल बांधता येत नाही. टोरवाल्ड्सला स्वतःला ती अडचण नव्हती. तरी त्याने नाताळच्या सुट्टीच्या सुमारास बसून पाने तबकडीवर टाकण्याची सोय लिहिली, आणि जानेवारी १९९२ मध्ये निघालेल्या ०.१२ या आवृत्तीत ती सर्वांच्या हाती पडली. एका परक्या, गरजू माणसाला दिलेला आणि लागलीच पाळलेला असा तो होकार होता. त्यावर मी एका क्षणात काट मारली.

आरंभी माझा तर्क खरा ठरल्यासारखे वाटले. खरखर थांबली. अण्णांची अक्षरे झरझर उमटू लागली. "कर्नल कामाचा निघाला," असे प्रशस्तिपत्रकही मला मिळाले. त्या भरात मी आणखी एक गोष्ट केली. लेखनाचा प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी आपण होऊन मजकुराची एक प्रत राखून ठेवीत असे. त्या जड वहीमुळे तेवढा वेळ तो अडे. ते अडणेही मला खपेना. ती सोय मी बंद केली आणि अण्णांना सांगितले, "लिहून झाले की ही कळ दाबत जा, म्हणजे साठवले जाईल." ते "बरे" म्हणाले.

श्रावणातल्या एका दुपारी मी माझ्या खोलीत बसून, घरच्या जाळ्यावरून त्याच यंत्राशी जोडून घेऊन, नव्या आवृत्तीचे कर्नेल बांधावयास घेतले होते. अण्णा दिवाणखान्यात लिहीत होते. बांधणीची आज्ञा देताना 'जे' हे अक्षर आणि त्यापुढे एक आकडा लिहावयाचा असतो; एका वेळी किती कामकरी लावावयाचे ते त्या आकड्याने ठरते. मी नेहमी दोन लिहीत असे. त्याच वेळी एका संस्थेच्या चिटणिसांचा दूरध्वनी आला. रविवारी अमुक ठिकाणी येता का, असे ते विचारीत होते. "हो, हो, अवश्य," असे म्हणत असताना माझ्या बोटांनी आज्ञा पुरी केली, आणि आकडा तेवढा राहून गेला.

आकडा नसला तर यंत्र त्याचा अर्थ 'हवे तितके' असा घेते. क्षणार्धात शेकडो कामकरी उठले. प्रत्येकाने थोडीथोडी पाने मागितली, आणि कर्नेल प्रत्येकाला "हो" म्हणाला. या खेपेस मात्र सारे पाहुणे एकदम पाटावर येऊन बसले. माळा नव्हताच. माळा नसला म्हणजे शिडीवरची धावपळ तरी थांबेल, हा माझा समजही त्या दिवशी खोटा ठरला. प्रोग्रॅमचा स्वतःचा मजकूर तबकडीवर मूळ प्रतीत असतोच. म्हणून कर्नेल ती पाने बेलाशक टाकून देतो आणि लागलीच पुन्हा वाचून आणतो. तीच ओढाताण सुरू झाली. यंत्र थिजले. तबकडीचा दिवा एकसारखा लुकलुकत राहिला.

अशा वेळी कर्नेलपाशी शेवटचा एक उपाय उरतो. पंगतीतल्या एकाला भरल्या पानावरून उठवावयाचे. जेवत्या माणसाला पानावरून उठवू नये असे आपण मानतो. कर्नेललाही हे काम नाइलाजानेच करावे लागते. ते करणाऱ्या भागाचे नाव 'ओओएम किलर', म्हणजे स्मृती संपली असता मारणारा. तो कोणाला निवडतो? प्रत्येकाला गुण देतो, आणि त्या गुणांत मुख्य भाग एकाच गोष्टीचा असतो: कोणी किती स्मृती व्यापली आहे. ज्याची सर्वांत अधिक, त्याला तो उठवतो. थोड्या माणसांना उठवून पुष्कळ जागा मोकळी व्हावी, हा त्यातला विचार आहे आणि तो वावगा नाही. परंतु तो एकेकट्याचे माप घेतो, टोळीचे घेत नाही. माझ्या शेकडो कामकऱ्यांनी मिळून सारी जागा खाल्ली होती. तरी त्यांतला प्रत्येक जण लहान होता, म्हणून निर्दोष होता. साऱ्या घरात सर्वांत मोठे पान अण्णांचे होते. जुनी पत्रे, छायाचित्रे आणि साठ वर्षांपूर्वीच्या आठवणी घेऊन ते एकटेच सावकाश जेवत बसले होते. कर्नेलने त्यांना उठवले.

मी दिवाणखान्यात गेलो तेव्हा पडद्यावर नुसते निळे आकाश होते. अण्णा हात मांडीवर ठेवून बसले होते. "माझ्या हातून काही भलतीच कळ दाबली गेली का रे?" त्यांनी विचारले.

"नाही अण्णा, यंत्रच अडकले," मी म्हणालो.

साठवण्याची कळ त्यांनी त्या दुपारी एकदाही दाबली नव्हती. सांगावयाचे ते सलग सांगून होईपर्यंत थांबावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले होते, असे पुढे कळले. "असू दे," ते म्हणाले. मग उठून त्यांनी यंत्रावर नेहमीचे कापडी आवरण घातले. त्याची टोके सारखी केली, आणि ते आपल्या खोलीत गेले.

रात्री मी यंत्राची नोंदवही उघडली. कर्नेल असे काही करतो तेव्हा लपवीत नाही. हजर असलेल्या साऱ्यांची यादी, कोणी किती जागा घेतली होती याचे आकडे, आणि शेवटी एका ओळीत कोणाला मारले त्याचे नाव, असे तो लिहून ठेवतो. ती यादी खाली सरकवीत मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. ओळीमागून ओळी माझ्याच कामकऱ्यांच्या होत्या.

तेव्हाच मला त्या प्रश्नाचे पुरे नाव आठवले. स्वॅपचा जो पर्याय मी नाकारला होता, त्याच्या नावातच 'अनॉनिमस', म्हणजे निनावी स्मृतीची सोय, असे म्हटलेले आहे. ज्या पानांची तबकडीवर कोठेही मूळ प्रत नाही, ज्यांना अद्याप नाव नाही, ती पाने निनावी. माणूस जे आत्ताच लिहीत आहे आणि साठवलेले नाही, ते सारे निनावी. प्रोग्रॅमचा मजकूर टाकून दिला तरी पुन्हा वाचता येतो. निनावी पानाला माळ्यावाचून दुसरा थारा नाही. तो थारा मी काढून घेतला होता.

पुढचे आठ-दहा दिवस मी चुकीचे प्रायश्चित्त यंत्राला देत होतो. ओव्हरकमिटचे तीन प्रकार कर्नेलमध्ये निवडता येतात. शून्य लिहिले तर अगदी अवास्तव मागणी तेवढी नाकारतो, बाकीच्यांना हो म्हणतो. एक लिहिले तर सर्वांना डोळे मिटून हो म्हणतो. आणि दोन लिहिले तर हिशेबाबाहेर एकही आमंत्रण देत नाही. मी दोन लिहिले. म्हटले, यापुढे जे देता येणार नाही ते कबूलच करावयाचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी हाक मारली, "भावोजी, विजेचे बिल भरायचे पान उघडतच नाही हो!" पुतण्याचे काही चालेना, माझेही चालेना. या कडक प्रकारात वचनांची मर्यादा स्वॅप अधिक स्मृतीचा काही हिस्सा अशी धरतात, आणि तो हिस्सा वेगळा न सांगितल्यास शेकडा पन्नास असतो. आमच्याकडे स्वॅप शून्य. म्हणजे निम्मे घर रिकामे पडले असताना दारात उभ्या असलेल्यांना "जागा नाही" असे सांगणे चालले होते. ज्या घरात कोणी कोणाला होकारच देत नाही ते घर हिशेबी असेल, पण तेथे पाहुणा येत नाही. मी पुन्हा शून्य लिहिले.

मग शांत डोक्याने कामे केली. प्रश्नावली उघडून स्वॅपपुढे 'होय' अशी खूण केली. शिडीवरची चढउतार कमी व्हावी म्हणून 'झेडस्वॅप' ही सोय घेतली. ती बाहेर टाकावयाची पाने दाबून, घडी घालून प्रथम स्मृतीतच एका कोपऱ्यात ठेवते, आणि तेथे मावेनाशी झाली म्हणजे तबकडीकडे वळते. दर दहा मिनिटांची प्रत पुन्हा सुरू केली. शेवटचे काम गुणांचे होते. कोणाला आधी उठवावे आणि कोणाला शेवटपर्यंत राखावे हे कर्नेलला सांगून ठेवता येते. त्यासाठी उणे एक हजारापासून अधिक एक हजारापर्यंत आकडा असतो. अण्णांच्या लेखनाच्या प्रोग्रॅमला मी उणे पाचशे दिले. माझ्या साऱ्या बांधकामाला अधिक एक हजार दिले. या व्यवस्थेत एक गोष्ट मला फार आवडली. स्वतःचा आकडा वाढवून 'मला आधी उठवा' असे सांगण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. परंतु कोणाचा आकडा खाली आणून त्याला राखावयाचे असेल तर घरातला अधिकार हाती असावा लागतो.

हे सारे एका संध्याकाळी मी मोठ्या समाधानाने आईला सांगितले. ती भाजी निवडीत होती. सर्व ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे यंत्र दुरुस्त झाले. त्याच्यापुढे बसायला कोण येणार आहे?"

खरेच, कापडी आवरण जसे घातले होते तसेच होते. त्याची टोकेही हलली नव्हती.

त्या रात्री मी स्वतःची नोंदवही काढली, म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका. येणाऱ्या रविवारच्या चौकोनात तीन कामे लिहिली होती: त्या संस्थेचा कार्यक्रम, एका मित्राकडची वास्तुशांत, आणि भावाबरोबर जागा पाहावयास जाणे. तिन्ही ठिकाणी मी अगत्याने "हो" म्हटले होते. त्यांतले एकही काम मोठे नव्हते. मागचे महिने उलटून पाहिले. रविवारचे सगळे चौकोन तसेच बारीक अक्षरांनी भरलेले होते. ज्या कामाला मी सर्वांत जास्त वेळा होकार दिला होता त्याचे नाव मात्र एकाही चौकोनात नव्हते. अण्णांनाही मी पान कबूल केले होते. मांडले कधीच नव्हते. त्यांच्यापुढे यंत्र ठेवले आणि त्यालाच पान समजलो.

दुसऱ्या दिवशी मी तीन ठिकाणी नकार कळविला. सवय नसल्यामुळे तिन्ही वेळा घसा सुकला. चिटणीस थोडे रागावले. मित्र "बरे, पुढे कधीतरी" म्हणाला. भावाने कारण ऐकले आणि तो काहीच बोलला नाही.

रविवारी दुपारी दोन वाजता मी वही आणि पेन घेऊन अण्णांच्या खोलीत गेलो. बसण्यापूर्वी त्यांना म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी यंत्र अडकले नव्हते. तुमच्या हातूनही काही झाले नव्हते. ते माझ्यामुळे गेले." आणि आकडा राहून गेल्याची गोष्ट त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितली. ते ऐकत होते. "कोणाशी बोलत होतास तेव्हा?" एवढेच त्यांनी विचारले. मी सांगितले. "हं," ते म्हणाले, "लिही."

त्या दुपारी त्यांनी जे लिहिले होते ते माईआत्याबद्दल होते. माईआत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिचे नाव घरात क्वचितच निघे. आमच्यापैकी कोणी तिला पाहिलेले नाही. आजोबा गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिने शाळा सोडली, दोन घरच्या पोळ्या लाटल्या, आणि अण्णांना शिकविले. अण्णांना १९६४ साली नोकरी लागली. "तुला घेऊन जातो," असे त्यांनी तिला कबूल केले. पहिल्या वर्षी खोली लहान होती. दुसऱ्या वर्षी बदली झाली. तिसऱ्या वर्षी आणखी काही होते. काय होते ते आता त्यांना आठवत नाही. "दर दिवाळीला ती विचारी, आणि दर दिवाळीला मी हो म्हणे," अण्णा म्हणाले. "खोटे नव्हते ते. मला न्यायचेच होते तिला." १९६७ च्या पावसाळ्यात ती विषमज्वराने गेली.

ते सलग बोलत नव्हते. मध्येच थांबत. कधी एकच वाक्य दोनदा सांगत, आणि दुसऱ्या वेळी त्यात एखादा शब्द निराळा असे. मी दोन्ही वाक्ये लिहून घेतली. त्या दिवशी यंत्रातून जे गेले ते हेच होते की याहून चांगले होते, हे कळावयास मार्ग नाही. चार वाजून गेले, चहा झाला, दिवे लागले. अकरा पाने झाली.

शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटले त्यांना झोप लागली. मी हळूच वही मिटली, तो आवाज ऐकून ते म्हणाले,

"साठवलेस ना रे?"

"हो, अण्णा," मी म्हणालो.